सगळी सोंगं आणणारा ड्रुइड आणि ‘समतोल’ नावाचा निसरडा शब्द

परळला एका मित्राच्या घरी आम्ही पाच जण रविवारी डंजन्स अँड ड्रॅगन्स खेळायचो. मधे फासे, कागद, पेन्सिली आणि लालबागचा चिवडा. डंजन मास्टर मी होतो, म्हणजे गोष्ट पुढे नेणं आणि नियम सांभाळणं माझ्याकडे. एका मित्राचं पात्र ड्रुइड होतं, म्हणजे पशूंची रूपं घेणारा जादूगार. एका मैत्रिणीचं पात्र रोग होतं. कुलपं उघडायची, सापळे शोधायचे, चोरपावलांनी पुढे जाऊन खबर आणायची, हे तिचं काम.

काही रविवारांनंतर ती म्हणाली, ‘‘हे बॅलन्स्ड नाहीये.’’ माझा पीएचडीचा विषयच खेळांचे नियम. मी लगेच वही काढली आणि गणित मांडून तिला दाखवलं की ती चुकतेय. गणित बरोबर होतं, चुकलेला मी होतो. आजची पोस्ट त्या चुकीवर आहे. कारण सिनॉप्सिस लिहिणाऱ्या बहुतेकांच्या हातून हीच चूक होते, फक्त तिथे शब्द ‘समतोल’ नसतो. ‘परिणामकारकता’ असतो, ‘सहभाग’ असतो, ‘दर्जा’ असतो.

आधी गणित बघूया. 2014च्या पाचव्या आवृत्तीत ‘सर्कल ऑफ द मून’ हा पंथ घेतलेला ड्रुइड दुसऱ्या लेव्हलला तपकिरी अस्वल होऊ शकतो. अस्वलाचे हिट पॉइंट 34. हे रूप दोनदा घेता येतं आणि थोडी विश्रांती घेतली की दोन्ही वेळा परत मिळतात. अस्वल पडलं की ड्रुइड स्वतःच्या मूळ हिट पॉइंटांसह उभा राहतो. त्याचा काटकपणा बरा धरला तर ते साधारण 17. म्हणजे एका लढाईत 17 अधिक 34 अधिक 34, एकूण 85. तेवढ्याच काटकपणाच्या फायटरकडे 20.

इथे थांबलात तर तुम्ही नेटवर भांडणारे खेळाडू. अभ्यास करायचा तर पुढचा प्रश्न विचारावा लागतो: वार लागतो किती वेळा? अस्वलाचा आर्मर क्लास 11, चिलखत घातलेल्या फायटरचा 16. शत्रूला वार करताना 4 मिळवायचे असतील, तर अस्वलाला 70 टक्के वार लागतात, फायटरला 45 टक्के. फायटरला एकदा दम घेऊन सरासरी साडेसात हिट पॉइंट परत मिळवता येतात, तेही धरू. आता शत्रूचे वार किती झेलता येतात या हिशोबाने फायटर सुमारे 61 वर येतो आणि दोन अस्वलं 97 वर. शिवाय ड्रुइडचे स्वतःचे 17 उरतातच. चौपटीचा फरक दुपटीच्या आसपास आला. तक्रार मवाळ झाली, पण संपली नाही.

आता पाचव्या लेव्हलला जा. फायटरला एका पाळीत दोन वार मिळतात. मोठी तलवार असेल तर दोन्ही लागल्यावर सरासरी 22 इजा होते. अस्वल मात्र तेच आहे. चावा आणि पंजा मिळून सरासरी साडेएकोणीस. म्हणजे ‘ड्रुइड भारी आहे’ हे विधान दुसऱ्या-तिसऱ्या लेव्हलला खरं आहे, पाचव्याला डळमळीत. आमचा खेळ तेव्हा पाचव्या लेव्हलला होता. म्हणून मी विजयी चेहऱ्याने वही पुढे सरकवली.

ती म्हणाली, ‘‘अरे, मला तुझं गणित नकोय. मला काम हवंय.’’

ती काय म्हणत होती ते कळायला मला बराच वेळ लागला. ड्रुइड लढाईत काय करतो याच्याशी तिला घेणंदेणंच नव्हतं. कोळी होऊन तो दाराच्या फटीतून आत जायचा, उंदीर होऊन तळघर बघून यायचा. कुलूप उघडायची वेळच येत नव्हती. कोळ्याला हिट पॉइंट 1, पण त्याला लढायचंच नसेल तर 1 पुरतो. माझ्या वहीत हे कुठेच दिसत नव्हतं, कारण मी फक्त लढाया मोजल्या होत्या. मागच्या डावांच्या नोंदी पुन्हा चाळल्या, तेव्हा दिसलं की टेहळणीचे निम्म्याहून जास्त प्रसंग ड्रुइडनेच खाल्ले होते.

संशोधनाच्या भाषेत सांगायचं तर माझ्या मोजमापाला विश्वसनीयता होती, सप्रमाणता नव्हती. कुणीही तेच गणित केलं असतं तर तेच उत्तर आलं असतं. पण ते उत्तर तिच्या प्रश्नाचं नव्हतं. ‘समतोल’ या एका शब्दात किमान तीन गोष्टी दडलेल्या असतात. एक, ताकद: कोण किती मारतो, किती झेलतो. दोन, व्याप्ती: कोणाकडे किती वेगवेगळ्या अडचणींवर उपाय आहे. तीन, वाटा: टेबलावरच्या प्रत्येकाला स्वतःचं असं काही करायला मिळतं का. पहिली पात्राच्या कागदावरून मोजता येते. दुसरीसाठी अडचणींची यादी लागते. तिसरी मात्र एकट्या पात्राकडे बघून मोजताच येत नाही, कारण ती त्या पात्रात नसते, पात्रांच्या मधे असते. विश्लेषणाचं एककच बदलतं.

या तीन चष्म्यांतून नियमांच्या आवृत्त्या बघितल्या तर टीका जास्त नेमकी होते. 3.5 आवृत्ती 2003ची. तिथे रूप बदललं की शक्ती, चपळाई, काटकपणा पशूचा मिळायचा, बुद्धी ड्रुइडचीच राहायची; आणि ‘नॅचरल स्पेल’ हे कौशल्य घेतलं की पशूच्या रूपातही जादू चालायची. ताकद, व्याप्ती, वाटा, तिन्ही बाबतींत अतिरेक. चौथ्या आवृत्तीत, 2009च्या पुस्तकात, उलटं टोक गाठलं: रूप बदललं तरी आकडे तेच. समतोल आला, पण लांडगा झालो काय आणि रानडुक्कर झालो काय, फरक काय पडला? सोंगाचं नुसतं चित्र उरलं. 2024च्या नियमांत अस्वलाचे वेगळे हिट पॉइंट काढून टाकले. रूप घेतल्यावर लेव्हलइतके तात्पुरते हिट पॉइंट मिळतात, मून पंथाला तिप्पट. ताकदीची तक्रार इथे बऱ्यापैकी मिटली. पण माझ्या मते त्या आवृत्तीतला महत्त्वाचा बदल हा नाहीच. दुसऱ्या लेव्हलच्या ड्रुइडला आता फक्त 4 रूपं माहीत असतात आणि दीर्घ विश्रांतीनंतर त्यातलं एकच बदलता येतं. कोळी ठेवू की घोडा, हे आधी ठरवावं लागतं. व्याप्तीला पहिल्यांदा किंमत लागली. वाट्याबद्दल मात्र नियम अजूनही गप्प आहेत.

आपल्याकडे म्हण आहे, सगळी सोंगं आणता येतात, पैशाचं सोंग आणता येत नाही. मला यात रूप बदलणाऱ्या पात्राच्या रचनेचं अख्खं तत्त्व दिसतं. किती सोंगं आणता येतात, हा प्रश्न दुय्यम. कोणतं आणता येत नाही, त्यावर पात्र उभं राहतं.

याचं उत्तम उदाहरण मला दादर-गिरगावच्या नाटकवेड्यांना पाठ असलेल्या नाटकात सापडलं. आचार्य अत्र्यांचं ‘तो मी नव्हेच’ 1962मध्ये रंगमंचावर आलं. प्रभाकर पणशीकरांनी त्यात पाच रूपं उभी केली. निपाणीचा तंबाखूचा व्यापारी लखोबा लोखंडे, दिवाकर दातार, राधेश्याम महाराज वगैरे. नट एक, वेश अनेक, आणि मधल्या बदलासाठी फिरता रंगमंच. व्याप्तीच्या हिशोबाने बघितलं तर लखोबा ड्रुइडच्याही पुढे. मग नाटक एकतर्फी का होत नाही?

कारण नाटकाची चौकट कोर्टाची आहे. प्रत्येक सोंग एका घरात, एका माणसापुढे चालतं आणि मागे एक साक्षीदार ठेवून जातं. जितकी सोंगं तितके साक्षीदार. ते एकेक करून पिंजऱ्यात येतात, बोलतात, आपली कहाणी सांगतात. लखोबाच्या बहुरूपीपणाची किंमत त्याच्या अंगावर लिहिलेली नाही, ती इतरांच्या तोंडी आहे. आणि त्यामुळेच रंगमंचावरचा वाटा त्यांनाही मिळतो. त्याला सगळी सोंगं येतात, फक्त ओळख नसलेल्या माणसाचं सोंग दिवसेंदिवस अवघड होत जातं.

आता उलट उदाहरण घ्या, कारण स्वतःच्या मताविरुद्ध एक तरी उदाहरण शोधल्याशिवाय प्रकरण लिहू नये. लक्ष्मण देशपांडे ‘वऱ्हाड निघालंय लंडनला’मध्ये एकट्याने 52 पात्रं करायचे. तिथे कोर्ट नाही, साक्षीदार नाहीत, सोंगाला कसलीच बंदी नाही. तरी असमतोल वाटला का कुणाला? प्रश्नच येत नाही, कारण रंगमंचावर दुसरं कोणी वाट बघत बसलेलं नसतं. म्हणजे माझं विधान सुधारून असं लिहावं लागेल: अष्टपैलूपणा हा स्वतःहून दोष नाही, ज्याचं एकमेव काम आहे अशा दुसऱ्या कोणाचं तेच काम तो विनामूल्य करू लागला, की तो दोष होतो. हे वाक्य आधीपेक्षा लहान दाव्याचं आहे. म्हणूनच ते जास्त टिकतं.

आम्ही पुढे एक घरगुती नियम केला. पशूच्या रूपात ड्रुइडने बघून आलेली खबर पशूला जेवढी जाणवेल तेवढीच. उंदराला धान्याचा वास कळेल, पहारेकऱ्यांची संख्याही कळेल, पण भिंतीवरचा नकाशा त्याच्या उंचीवरून दिसणार नाही. आणि किल्ल्यात एकदा उंदीर सापडला की पुढच्या खेपेला मांजर असणार. हे दुसरं मी लखोबाकडून घेतलं. खेळ सुधारला. ड्रुइड खेळणारा मित्रही म्हणाला की आता रूप निवडताना विचार करावा लागतो, मजा येते.

मैत्रीण मात्र तोवर यायची थांबली होती. नवा नियम मी तिला फोनवर सांगितला. ती म्हणाली, चांगलाय, आधी सुचायला हवा होता. मला तो आधी सुचला असता. ती पहिल्यांदा बोलली तेव्हा वही उघडण्याऐवजी ‘बॅलन्स्ड नाहीये म्हणजे नेमकं काय होतंय?’ एवढं विचारलं असतं तर.

म्हणून सिनॉप्सिस लिहिताना एवढं करा. तुमच्या शीर्षकातला मोठा शब्द घ्या. तो तुमच्या अभ्यासातली माणसं कशासाठी वापरतात ते आधी त्यांना विचारा, आणि मग कार्यात्मक व्याख्या लिहा. उलट क्रमाने केलंत तर तक्ते सुंदर येतील, मार्गदर्शक खूशही होतील. फक्त ज्याच्यासाठी मोजायला निघालात तो माणूस टेबलावरून उठून गेलेला असेल.