‘स्वबळा’च्या कथेविषयी

धरमपेठेत ‘स्वबळावर मोठे झालेल्यां’ची चरित्रे कौतुकाने वाचली जातात आणि २०२४ पासूनच्या ‘लाडकी बहीण’ योजनेतील दरमहा १५०० रुपयांना ‘फुकटचा पैसा’ म्हटलेलेही आम्ही तेथेच ऐकतो. ही विसंगती तपासली पाहिजे.

बाबासाहेबांचे चरित्रसुद्धा पुष्कळदा केवळ जिद्दीची कथा म्हणून सांगितले जाते. त्यांची प्रज्ञा व परिश्रम असामान्य होतेच. परंतु १९१३ साली ते कोलंबिया विद्यापीठात गेले, ते बडोदा संस्थानच्या तीन वर्षांच्या शिष्यवृत्तीवर. हे सांगितल्याने त्यांची थोरवी उणावत नाही. आधाराअभावी मागे राहिलेल्या असंख्यांचे स्मरण मात्र होते.

दीघनिकायातील कूटदन्तसुत्तात पुरोहित राजाला सुचवितो : शेतकऱ्यास बियाणे, व्यापाऱ्यास भांडवल, सेवकास वेतन द्यावे. हे साहाय्य उद्योग करणाऱ्यांपुरते आहे. त्यास सार्वत्रिक मूलभूत उत्पन्न म्हणणे अतिशयोक्ती ठरेल. चक्कवत्तिसीहनादसुत्त मात्र पुढे जाते : निर्धनांना धन न दिल्याने दारिद्र्य वाढले आणि दारिद्र्यातून चोरी उद्भवली. तेथे उद्योगाची अट नाही.

प्रतीत्यसमुत्पाद मानणाऱ्याने ‘मी एकट्याने केले’ असे कोणत्या आधारावर म्हणावे?