नॉर्मल रिपोर्ट

बुलढाणा जिल्ह्यातल्या पिंपळगाव सराईजवळ सैलानीबाबांचा दर्गा आहे. होळीला इथे नारळांची होळी पेटते, आणि ‘बाधा’ झालेल्या माणसांना नातेवाईक लांबलांबून घेऊन येतात. त्या गर्दीत कुणाच्या काखेत एमआरआयच्या फिल्मचं मोठं पाकीटही दिसतं. विचारलं तर उत्तर ठरलेलं: ‘‘रिपोर्ट तं नॉर्मल आला. म्हंजे बाहेरचंच हाय.’’

मनोविकारांच्या मेंदूचित्रणावर इतकी नेमकी टीका मी कुठल्या नियतकालिकात वाचलेली नाही.

या शास्त्राची सुरुवात दिमाखदार होती. १९७६ साली लंडनच्या नॉर्थविक पार्क रुग्णालयात ईव्ह जॉन्स्टन आणि सहकाऱ्यांनी स्किझोफ्रेनियाच्या सतरा जुन्या रुग्णांचं सीटी स्कॅन केलं. मेंदूतल्या द्रवाच्या पोकळ्या निरोगी माणसांपेक्षा मोठ्या निघाल्या. तोवर पोराच्या वेडाचं खापर आईच्या वागण्यावर फोडणारे मोठमोठे डॉक्टर होते. तो आरोप ढिला पडला, आणि माझ्या मते या शाखेची सगळ्यात मोठी कमाई अजूनही तीच आहे.

पुढे आयोवाच्या नॅन्सी अँड्रियासन आल्या. मूळच्या इंग्रजी साहित्याच्या प्राध्यापक, मग मनोविकारतज्ज्ञ. ऐंशीच्या दशकात एमआरआय मनोविकारांकडे वळवणाऱ्यांत त्या आघाडीवर होत्या. स्किझोफ्रेनियाच्या त्याच त्या रुग्णांना वर्षानुवर्षं पुन्हापुन्हा यंत्रात घालायची त्यांची चिकाटी मला फार मोलाची वाटते. त्यातूनच २०११ साली अडचणीचा निष्कर्ष निघाला: २११ रुग्णांत औषधाचा मारा जास्त, तिथे मेंदूची झीजही थोडी जास्त. गोळ्या बंद करा, असा याचा अर्थ नाही. पण दिसणारा फरक आजाराचा किती आणि औषधाचा किती, हा पेच तेव्हापासून सुटलेला नाही.

आकडे वाढले तसा दिमाख उतरला. ‘एनिग्मा’ या जागतिक गटाने २०१६ मध्ये स्किझोफ्रेनियाचे २,०२८ रुग्ण आणि २,५४० निरोगी माणसं ताडून पाहिली. स्मरणाशी जोडलेला हिप्पोकॅम्पस रुग्णांत लहान आढळला, पण सरासरीने. एकेक माणूस घेतला तर दोन्ही गट एकमेकांत इतके मिसळतात की नुसत्या फिल्मवरून कोण कुठला, हे सांगता येत नाही. २०२२ मध्ये ‘नेचर’मधल्या अभ्यासाने आणखी एक टाचणी लावली: मेंदू आणि वर्तन यांचे असे भरवशाचे धागे सापडायला हजारो माणसं लागतात. पंचवीस-तीस जणांवर उभे राहिलेले कितीतरी रंगीत नकाशे त्या दिवशी फिके पडले.

मग डॉक्टर एमआरआय लिहून का देतात? गाठ, मेंदूतला क्षय, जंताची गाठ यांपैकी काही नाही ना, हे बघायला. ‘नॉर्मल’ म्हणजे तेवढंच. आजार नाही, असं तो कागद म्हणत नाही. हे समजावायला ओपीडीत पाच मिनिटं लागतात, आणि ती पाच मिनिटंच तिथे नसतात.

अशा रिपोर्टच्या तळाशी बहुधा एक ओळ असते: रुग्णाच्या लक्षणांशी ताडून पाहावे. ती इंग्रजीत असते. पाकीट सैलानीला पोचतं, तेव्हाही ती कुणी वाचलेली नसते.