विस्मयाची पूर्वसूचना

एखादी विलक्षण गोष्ट सांगण्यापूर्वी 'स्ट्रेंज टु से', 'ऑड्ली इनफ', 'बिलीव्ह इट ऑर नॉट' असे शब्दप्रयोग योजण्याची इंग्रजी गद्यात रीत आहे. मराठी भाषांतरांत या साऱ्यांच्या बदल्यात 'आश्चर्याची गोष्ट अशी की' हे एकच नाणे बहुधा चालविले जाते. हा विनिमय आम्हांस तोट्याचा वाटतो.

मम्मटाने 'काव्यप्रकाशा'त रसाचा किंवा स्थायिभावाचा स्वशब्दाने उच्चार करणे हा रसदोष मानला आहे. विस्मय हा अद्भुताचा स्थायिभाव. तेव्हा आश्चर्याचे नाव घेऊन आश्चर्य सांगणारा लेखक या दोषास पात्र होतो. मग इंग्रज लेखक त्यातून सुटतो कसा? 'ऑड्ली इनफ'मधील 'इनफ' हा शब्द परिमाणवाचक नव्हे; 'पुरेशा विचित्रपणे' असे त्याचे भाषांतर करणाऱ्या विद्यार्थ्यास आम्ही गुण देत नाही. 'विचित्र खरे, पण घडले असे' इतकाच त्याचा भाव. तेथे रसाचा पुकारा होत नाही. साक्षीदार आपला संकोच तेवढा कळवितो. 'बिलीव्ह इट ऑर नॉट'ची जात निराळी. रॉबर्ट रिप्ली या अमेरिकन व्यंगचित्रकाराने १९१८ साली सुरू केलेल्या वृत्तपत्रीय सदरास पुढे हेच नाव मिळाले, आणि त्या शब्दांना जत्रेतील आरोळीची कळा आली.

आपल्या व्रतकथांना अशा शब्दांची गरजच पडली नाही. 'आटपाट नगर होते' एवढे म्हटले की पुढे प्रत्यक्ष देव दारी येवो, हातात अक्षता घेऊन ऐकणारीला त्याचे नवल वाटत नाही. शंकेखोर वाचकापुढे उभ्या राहणाऱ्या वास्तववादी गद्यालाच ही पूर्वसूचना हवीशी वाटते.

समजा, इंग्रजीत कोणी लिहिले की वडील वारले त्या रात्री, ऑड्ली इनफ, मी गाढ झोपलो. येथे 'आश्चर्याची गोष्ट अशी की' म्हटले तर व्याख्यान होते. 'गंमत म्हणजे' हा एरवी सर्वांत जवळचा पर्याय. पण येथे तो क्रूर ठरतो. 'कसे कोण जाणे' चालेल, तरी त्यात थोडी सफाई डोकावते. वास्तविक मराठीत हे काम एखादे लहानसे अव्यय करून जाते: 'वडील वारले त्या रात्री मी चक्क गाढ झोपलो.' विस्मय आहे, लाज आहे, आणि दोहोंपैकी एकाचेही नाव घेतलेले नाही. शब्दकोशात 'ऑड्ली इनफ'समोर 'चक्क' कोणी लिहिणार नाही, म्हणून भाषांतरकारास तो सुचत नाही.