पाश्चात्त्य गूढविद्येतील ‘केऑस’ : सर्जनतत्त्व की रिकामे नाव?

पाश्चात्त्य गूढविद्येच्या आधुनिक प्रवाहांत ‘केऑस’ ही संज्ञा सर्जनाचे आदितत्त्व म्हणून वापरली जाते. मराठीत तिच्यासाठी ‘अनागोंदी’, ‘गोंधळ’, ‘अराजक’ असे शब्द योजले जातात. परंतु हे तिन्ही शब्द मोडलेल्या व्यवस्थेचे वाचक आहेत. गूढविद्येला अभिप्रेत असलेला केऑस व्यवस्थेच्या आधीचा आहे. इंग्लंडमध्ये १९७८ साली प्रसिद्ध झालेल्या पीटर कॅरोल यांच्या ‘लिबर नल’ या ग्रंथाने या संज्ञेला नवा अर्थ दिला आणि पुढे ‘केऑस मॅजिक’ या नावाने ओळखला जाणारा प्रवाह उभा राहिला. हा अर्थ कितपत टिकतो, हे तपासणे हा प्रस्तुत लेखाचा विषय आहे.

घटनांच्या उत्पत्तीला आणि त्यांच्या अखंड चालण्याला जे कारणीभूत आहे, त्याला कॅरोल केऑस म्हणतात. त्याला ईश्वर किंवा ताओ म्हणण्यासही त्यांची हरकत नाही. मात्र केऑस हे नाव जवळजवळ अर्थशून्य आहे आणि म्हणूनच धर्मातील मानवरूपी कल्पनांपासून मुक्त आहे, असे त्यांचे म्हणणे आहे. ग्रंथाच्या तात्त्विक मांडणीचा मोठा भार या एका विधानावर आहे, आणि नेमके तेच विधान दुबळे आहे.

इ.स.पू. ७००च्या सुमारास हेसिअडच्या ‘थिऑगनी’त खाओस सर्वप्रथम अवतरतो. ग्रीक भाषेत या शब्दाचे नाते ‘आ वासणे’ या अर्थाच्या धातूशी आहे. म्हणजे खाओस ही मुळात एक फट, एक पोकळी आहे. तिच्यातून अंधार आणि रात्र जन्मतात. पृथ्वी मात्र तिच्यानंतर येते, तिच्यापासून जन्मली असे हेसिअड म्हणत नाही. (येथे नासदीय सूक्ताचे स्मरण होणे स्वाभाविक आहे, तथापि त्या सूक्तात नाव देण्यापेक्षा प्रश्न विचारणे महत्त्वाचे असल्याने ती तुलना दूर ठेवलेली बरी.) रोमन कवी ओव्हिड याच्या ‘मेटामॉर्फोसिस’मध्ये ही पोकळी भरून जाते : केऑस हा परस्परविरोधी बीजांचा ओबडधोबड ढीग ठरतो आणि कोणीतरी देव त्याची विभागणी करतो. युरोपातील किमयागारांनी पुढे नेला तो मुख्यतः हा द्रव्यरूप अर्थ. हाइनरिश खुनराथ याने १५९७ साली आद्यद्रव्यरूप केऑसवर स्वतंत्र ग्रंथच लिहिला. व्हान हेल्मोंट याने ‘गॅस’ हा शब्द केऑसवरूनच घडविला. प्रयोगशाळेतील रोजच्या वापरातला शब्द ज्या नावातून निघाला, ते नाव अर्थशून्य कसे मानावे?

महत्त्वाचा भेद निराळाच आहे. किमयागाराच्या दृष्टीने केऑस हे घडविण्याचे द्रव्य आहे. त्याला ईश्वरी शब्दाची किंवा कुशल हाताची अपेक्षा आहे. कॅरोल यांच्या मांडणीत केऑस स्वतःच घडवितो. द्रव्याला कर्त्याच्या जागी बसविणारा हा बदल लहान नाही, पण नाव अर्थशून्य ठरविल्यामुळे त्याचे समर्थन करण्याची जबाबदारीच लेखकावर राहत नाही. या प्रवाहाचे आठ बाणांचे चिन्ह मायकेल मूरकॉक यांच्या अद्भुत कादंबऱ्यांतून आले आहे, ही गोष्टही येथे बोलकी आहे.

विज्ञानाचा आधारही येथे फारसा उपयोगी पडत नाही. एडवर्ड लॉरेन्झ यांनी १९६३ साली मांडलेली समीकरणे पूर्णतः निर्धारित आहेत. आरंभीच्या स्थितीतील अत्यल्प फरकाने त्यांचे फलित वेगळे होते, एवढेच. गणिताने पुढे केऑस म्हटले ते या वर्तनाला. त्यात सर्जक स्वैरता नाही.

मात्र कॅरोल यांची साधना त्यांच्या सिद्धांतापेक्षा अधिक विचारार्ह आहे. चित्रकार ऑस्टिन ऑस्मन स्पेअर यांच्या १९१३ मधील ‘द बुक ऑफ प्लेझर’वरून त्यांनी ‘सिजिल’ची पद्धती घेतली. इच्छा वाक्यात लिहावी, पुन्हा आलेली अक्षरे गाळावीत, उरलेल्या अक्षरांची एक आकृती करावी, मनाच्या एकाग्र अवस्थेत ती आकृती आत रुजवावी आणि मग विसरून जावी. वाक्य मोडून अक्षरांचा ढीग होतो आणि त्या ढिगातून नवा आकार उभा राहतो. ‘विरघळवावे आणि पुन्हा घट्ट करावे’ हे किमयागारांचे सूत्र येथे अक्षरांवर चालविले आहे. सिद्धांताने नाकारलेला जुना अर्थ साधनेत असा निमूटपणे परत येतो. विस्मृतीची अट तर आणखी मागे, हेसिअडच्या पोकळीपाशी नेते : इच्छा आणि फळ यांच्यामध्ये एक फट मोकळी ठेवावी लागते.

परंतु त्या फटीच्या अलीकडे इच्छा करणारा माणूस उभाच असतो. अक्षरे तोच मोडतो, जोडतोही तोच. व्यक्तीतील या शक्तीला कॅरोल, स्पेअर यांचाच शब्द घेऊन, ‘किया’ म्हणतात आणि तिला विश्वशक्तीचा अंश मानतात. मग ज्या मानवरूपी कर्त्याला टाळण्यासाठी केऑस हे नाव निवडले, तो कर्ता ‘किया’च्या रूपाने परत आला की नाही, या प्रश्नाला ‘लिबर नल’ भिडत नाही.