‘बँजो’ : नाम, रूप आणि वीज

मिरवणुकीतील ‘बँजो’ अमरावती-अकोल्याच्या वाचकास अपरिचित नाही. परंतु या नावाने आपण ओळखतो ते वाद्य अमेरिकेतील कातड्याने मढविलेल्या बँजोहून सर्वस्वी भिन्न आहे. १९१२ मध्ये नागोया येथे गोरो मोरिता यांनी सिद्ध केलेले ‘ताइशोगोतो’ हे त्याचे मूळ. टंकलेखन यंत्रासारख्या कळा दाबून तारेची कंप पावणारी लांबी बदलावयाची, ही त्यातील युक्ती. भारतात ते ‘बुलबुलतरंग’ झाले व महाराष्ट्रात ‘बँजो’. नाव उसने, म्हणून वाद्यही नकली, असा निष्कर्ष काढण्याचा मोह होतो. तो अशास्त्रीय आहे.

नाव वस्तूचे कूळ सांगतेच असे नाही. पुष्कळदा ते केवळ व्यवच्छेद करते. १९३६ मध्ये गिब्सन कंपनीने ‘ईएस-१५०’ ही कमानदार माथ्याची विद्युत् गिटार विक्रीस आणली. ‘ईएस’ म्हणजे ‘इलेक्ट्रिक स्पॅनिश’. मांडीवर आडवी ठेवून वाजवावयाच्या हवाईयन गिटारीहून ती निराळी, एवढेच ‘स्पॅनिश’ हे विशेषण तेथे सुचविते.

आता रूपाचा विचार. त्या गिटारीत पोलादी तारेचे कंपन चुंबक व तारेचे वेटोळे यांच्या योगे विद्युत् प्रवाहात उतरते. परंतु पोकळ पेटी ध्वनिक्षेपकाच्या आवाजानेही थरथरते, आणि आवाज वाढविताच शीळ घुमू लागते. म्हणूनच १९५८ च्या ‘ईएस-३३५’ मध्ये पेटीच्या मध्यभागी भरीव लाकडी ठोकळा आला. बँजोची पेटी मुळातच उथळ, नाद क्षीण. पिकअप बसविल्यावर हा दोष फारसा बाधत नाही. ढोलांच्या गजरातही सुरावट स्पष्ट उमटते.

तथापि या वाद्याच्या चाहत्यांनीही एक मर्यादा मान्य केली पाहिजे. कळ स्वरस्थान बांधून टाकते. सतारीप्रमाणे तार खेचून मींड घेणे येथे साधत नाही. वीज नादाचे आकारमान वाढविते, स्वरांचे व्याकरण बदलत नाही. तेव्हा गोंगाट म्हणून बँजोला हीन लेखणे जितके चूक, तितकेच लोकप्रिय म्हणून त्याला परिपूर्ण मानणेही चूक. बोलीतील शब्द टिपणाऱ्या विद्यार्थ्याने वाद्याच्या नावापाशी न थांबता त्याची कळ, तार आणि पेटीही उघडून पाहावी. शब्दाचा अर्थ तेथेच सापडतो.