तेवीस मजले आणि तळमजला

मरीन ड्राइव्हचा कुठलाही फोटो झूम करा. राणीच्या कंठहाराच्या दक्षिण टोकाला, नरीमन पॉइंटवर, एअर इंडियाची इमारत सापडतेच. 1974 साली भरावाच्या जमिनीवर उभी राहिलेली, 23 मजली. डिझाइन न्यूयॉर्कच्या जॉन बर्गी यांचं. माथ्यावर वर्षानुवर्षे कंपनीचा सेंटॉर, म्हणजे धनुष्य ताणलेला अर्धा माणूस, अर्धा घोडा.

खरं सांगायचं तर स्थापत्य म्हणून ती फार थोर नाही. खिडक्यांच्या त्याच त्या ओळी. असा टॉवर जगातल्या कुठल्याही शहरात खपून गेला असता. तिला वजन आलं ते जागेमुळे आणि मालकीमुळे. इमारत सरकारी कंपनीची होती, त्यामुळे जन्मात विमानात न बसलेल्या माणसालाही ती थोडीशी आपली वाटायची. 12 मार्च 1993च्या बॉम्बस्फोटांत तिला लक्ष्य केलं गेलं, तेही बहुधा याच ओळखीमुळे.

मग ओळख एकेक करून सुटत गेली. 2013मध्ये मुख्यालय दिल्लीला गेलं. 2022मध्ये कंपनी टाटांकडे गेली, इमारत मात्र सरकारकडेच राहिली. 2024मध्ये ती 1,601 कोटींना महाराष्ट्र सरकारला विकायला केंद्राने मंजुरी दिली. 2012च्या आगीनंतर मंत्रालयातली बरीच खाती इकडेतिकडे विखुरली होती, त्यांना जागा हवीच होती. खाजगी बिल्डरच्या घशात जाण्यापेक्षा हे बरंच झालं.

पण इमारतीची खरी परीक्षा तळमजल्यावर असते. मंत्रालयाचंच बघा. गावाकडून रात्रभर प्रवास करून आलेला माणूस आधी पासच्या रांगेत उभा राहतो. आत लोकांनी उड्या मारण्याचे प्रकार घडले, तेव्हा 2018मध्ये सरकारने मजल्यांच्या मधल्या मोकळ्या जागेत जाळी बांधली. जीव वाचवायला जाळी हवीच. पण तो माणूस तिथपर्यंत का पोचला, या प्रश्नाला जाळी हे उत्तर नव्हे.

म्हणून समुद्राकडे तोंड असलेली केबिन कोणत्या मंत्र्याला मिळते, यात मला रस नाही. खाली बसायला बाक, प्यायला पाणी, स्वच्छ संडास आणि 'तुमची फाइल अमुक मजल्यावर आहे' असं नीट सांगणारं कुणीतरी असेल का? एवढं जमलं, तर सेंटॉर असो वा नसो, इमारत पुन्हा लोकांची होईल.