खेळण्यातील औचित्यविचार

आमच्या शेजारी राहणाऱ्या एका तरुणाच्या खोलीत काचेची एक लहानशी मांडणी आहे. गेल्या महिन्यात त्याने मला मोठ्या उत्साहाने बोलावून तिच्यातील दोन मोटारी दाखविल्या. दोन्ही तळहातावर सहज मावतील एवढ्या. मूळच्या बाजारातील साध्या डायकास्ट गाड्या, म्हणजे जस्तप्रधान मिश्रधातू साच्यात दाबून ओतलेली खेळणी. या गृहस्थाने त्या फोडून, घासून, रंगवून त्यांचे 'ड्रॅग रेसर' केले होते. "काका, तुम्ही पुस्तकांवर लिहिता, नाटकांवर लिहिता, एकदा यांच्यावर लिहा की!" असे तो हसत म्हणाला. मी घरी आलो आणि विचार करू लागलो, तेव्हा ही सूचना वाटली तितकी थट्टेची नाही असे ध्यानात आले. जिथे घडविणाऱ्यापुढे दोन मार्ग असतात आणि त्यांतला एक तो निवडतो, तिथे टीकेला अवकाश असतोच. मग ते महाकाव्य असो वा तीन इंची मोटार.

ज्या वाचकांना हा प्रकार अपरिचित असेल त्यांच्यासाठी थोडा खुलासा करावयास हवा. ड्रॅग रेस ही वळणांची शर्यत नव्हे. दोन गाड्या शेजारी शेजारी उभ्या करावयाच्या, दिव्यांचा संकेत मिळताच सोडावयाच्या आणि सरळ पाव मैल, म्हणजे सुमारे ४०२ मीटर, कोण आधी गाठतो ते पाहावयाचे. कॅलिफोर्नियातील कोरड्या सरोवरांच्या सपाट तळांवर वेगाचे हे वेड वाढले आणि १९५१ साली तेथे त्याला नियमबद्ध करणारी राष्ट्रीय संस्था स्थापन झाली. आपल्याकडेही लोणावळ्याजवळच्या अँबी व्हॅलीच्या धावपट्टीवर अशा शर्यती झालेल्या आहेत. खेळण्यांच्या जगाशी या शर्यतीचे नाते जुने आहे. मॅटेल कंपनीने १९६८ साली 'हॉट व्हील्स' ही मालिका सोळा गाड्यांनिशी काढली, तेव्हा त्यांतील अनेक गाड्यांच्या नावातच 'कस्टम' हा शब्द होता. आणि १९७० साली तिने डॉन प्रुडोम व टॉम मॅकएवन या दोन ड्रॅग शर्यतपटूंना आश्रय देऊन त्यांच्या गाड्यांची खेळणीही काढली. तेव्हा माझ्या शेजाऱ्याने काही परका कलम लावला असे नाही. ज्या झाडाची ती फांदी, त्याच झाडावर त्याने ती फुलविली.

आता कृती पाहू. गाडी उलटी धरली की तळपत्र्यावर चेपलेले दोन खिळे दिसतात. बारीक गिरमिटाने त्यांची डोकी उडविली की कवच, काचा, आसने, तळ आणि चाके सुटी होतात. मग मूळ रंग औषधाने उतरवावयाचा, धातू पॉलिश कागदाने घासावयाचा, अस्तर द्यावयाचे आणि रंगाचे विरळ हात एकावर एक चढवावयाचे. मागची रुंद चाके आत बसावीत म्हणून चाकांच्या कमानी आतून कोरावयाच्या. इंजिन, धुराच्या नळ्या, मागची छत्रीची पिशवी हे सारे तारा, नळ्या आणि इतर मोडक्या गाड्यांचे अवशेष यांतून उभे करावयाचे. शेवटी खिळ्याच्या खुंटीत आटे पाडून सूक्ष्म स्क्रूने गाडी पुन्हा जोडावयाची. यातली पहिलीच क्रिया अपरिवर्तनीय आहे. उडविलेले खिळ्याचे डोके परत येत नाही. कारखान्यातून निघालेली ती वस्तू त्या क्षणी संपते आणि तिथून पुढची सारी जबाबदारी घडविणाऱ्याच्या माथी येते.

पहिली मोटार फोक्सवॅगन बीटलची. ती प्रथमदर्शनी डोळा वेधून घेते. झळझळीत जांभळा रंग, बाजूंवर पिवळ्या ज्वाळा, चारही चाके एकसारखी धिप्पाड आणि पुढच्या झाकणातून वर आलेले चकचकीत 'ब्लोअर', म्हणजे हवा कोंबून इंजिनात भरणारे यंत्र. माझ्या वृद्ध मावशींचे बालपण गोव्यात गेले. त्यांनी ती गाडी हातात घेऊन एवढेच विचारले, "हें कितें रे केलें?" मावशींना मोटारीतले काही कळत नाही, पण त्यांचा प्रश्न अचूक होता. बीटलचे इंजिन मागे असते. पुढच्या झाकणाखाली असते ती सामानाची जागा. तेव्हा हे ब्लोअर कोणत्या इंजिनाला हवा पुरविते? प्रवाशाच्या ट्रंकेला?

यावर कोणी म्हणेल की, इंजिन पुढे आणले अशी कल्पना करावी. अवश्य करावी, कल्पनेला मज्जाव नाही. पण मग त्या कल्पनेचे सारे परिणाम पत्करावे लागतात आणि ते येथे पत्करलेले नाहीत. मागच्या झाकणावरील हवेच्या खाचा तशाच आहेत. शिवाय बीटल ड्रॅग शर्यतीत ज्या गुणामुळे प्रिय ठरली तोच गुण येथे हरवला आहे. गाडी सुटते तेव्हा तिचा भार मागे रेलतो आणि मागची चाके जमिनीला जितकी घट्ट धरतील तितकी ती पुढे झेपावते. बीटलचे इंजिन मुळातच मागच्या चाकांवर बसलेले. निसर्गदत्त देणगीच ती! आमच्या मित्राने ती नाकारून तिच्या जागी अलंकार बसविला. क्षेमेंद्राने अकराव्या शतकात 'औचित्यविचारचर्चा' लिहून हाच दोष दाखविला आहे. मेखला गळ्यात आणि हार कमरेला घातला तर दोन्ही दागिने अस्सल असूनही पाहणारा हसतो. मावशी हसल्या नाहीत, हा त्यांचा सुस्वभाव.

दुसरी मोटार १९५५ सालची शेव्हरोले. हिच्यापुढे मी बराच वेळ थांबलो. रंग एकच, फिकट निळा, आणि दारावर लहानसा आकडा. पुढचा भाग उचललेला, पुढची चाके सडपातळ, मागची रुंद आणि कवचाच्या आत नीट सामावलेली. या गाडीची निवडच समंजस आहे. शेव्हरोलेचे गाजलेले लहान आठ सिलिंडरी इंजिन याच वर्षीच्या गाडीत आले आणि शर्यतवाल्यांनी ती उचलून धरली. पुढचा भाग उंच करण्याची त्या काळची रीत डौलासाठी नव्हती. भार लवकर मागे जावा हा तिचा हेतू. मागे छत्रीची पिशवी आहे, कारण एवढ्या वेगानंतर केवळ ब्रेकांवर भरवसा ठेवता येत नाही. तिच्याखाली दोन बारीक दांड्या आणि त्यांच्या टोकांना मोहरीएवढी चाके आहेत. गाडी सुटताना उताणी पडू नये यासाठी. एकही अवयव असा नाही की ज्याला 'तू येथे का?' असे विचारले असता उत्तर मिळू नये. जिथे प्रत्येक अवयव उत्तर देतो तिथे सौंदर्य वेगळे आणून चिकटवावे लागत नाही.

तरीही ही कृती निर्दोष नव्हे. काचेतून डोकावले तर आत कुटुंबवत्सल गाडीचे मागचे आसन जसेच्या तसे आहे. जो माणूस शेराशेराने वजन घटवितो तो मागे कोणाला बसविणार? बाहेरचा विचार झाला, आतला राहिला. दुसरा दोष मी प्रयोगाने शोधला. ही गाडी मूळच्या चौसष्टाव्या हिश्श्याची. त्या प्रमाणात पाव मैल म्हणजे सव्वासहा मीटर. आम्ही गच्चीवर तेवढ्या लांबीची फळ्यांची उतरण केली आणि दोन्ही गाड्या सोडल्या. बीटल डौलाने शेवटपर्यंत गेली. शेव्हरोले मध्येच अडखळली. मागची ती मोहरीएवढी चाके जमिनीला टेकून घासत होती. ती केसभर वर हवी होती. खेळणे दिसते कसे एवढेच पाहू नये, ते चालले पाहिजे. चाक असूनही न फिरणारे खेळणे आणि अर्थ असूनही वाचता न येणारी कविता यांत मला फारसा भेद वाटत नाही. मित्राचे मन मोठे. त्याने त्याच रात्री दांड्या वाकवून वर घेतल्या.

व्यवसायाने वकील असल्यामुळे मला येथे एक गमतीदार विरोध दिसतो. खऱ्या मोटारीला असे काही करावयाचे तर कायदा आडवा येतो. मोटार वाहन अधिनियम, १९८८ याचे कलम ५२ सांगते की, नोंदणीपत्रातील तपशील आणि निर्मात्याने मुळात ठरविलेला तपशील यांत तफावत पडेल असा बदल मालकाने करू नये. आणि सर्वोच्च न्यायालयाने २०१९ साली या कलमाचा अर्थ कडकपणेच लावला आहे. ते योग्यही आहे, कारण रस्ता सर्वांचा असतो. आमच्या इंदूरजवळ पीथमपूरला ११.३ किलोमीटरचा जो वेगवान चाचणीमार्ग २०२१ साली खुला झाला, तोही नियमांच्या चौकटीत गाड्यांची परीक्षा घेण्यासाठीच. खेळण्याला मात्र ना नोंदणी, ना निरीक्षक. ते वाटेल तसे बदलावे, कोणी दंड करणार नाही. आणि म्हणूनच तेथे कर्त्याची खरी कसोटी लागते. जिथे कायदा थांबतो तिथे औचित्य सुरू होते. बाहेरचे बंधन नसलेल्या माणसाने आतले बंधन मानले की नाही, हेच टीकाकाराने पाहावयाचे.

मोटार बदलण्याचा हा छंद इंदूरला नवा नाही. महाराज यशवंतराव होळकर (दुसरे) यांनी १९३० नंतरच्या दशकात अमेरिकेची ड्यूसेनबर्ग गाडी घेतली, तेव्हा तिचा केवळ सांगाडा व इंजिन तेथले. नारिंगी आणि काळ्या रंगसंगतीचे देखणे कवच लंडनच्या गर्नी नटिंग या कारागिरांनी चढविले. त्या गाडीलाही हवा कोंबणारे यंत्र होते आणि तिची शक्ती ३२० अश्वांची सांगतात. या जातीच्या गाड्यांच्या इंजिनझाकणाच्या बाजूने चकाकत्या धूरनळ्या बाहेर येतात. त्या नळ्या वस्तुतः त्या यंत्राची खूण. पुढे ज्यांच्या गाडीत ते यंत्रच नव्हते अशाही काही धनिकांनी शोभेसाठी तशाच नळ्या बसवून घेतल्या. म्हणजे बीटलवरच्या ब्लोअरचा दोष काही आजचा नव्हे, आणि तो केवळ लहान खिशाच्या माणसांचाही नव्हे.

खेळण्यातली गाडी बदलण्याचा सर्वांत थोर प्रसंग अर्थात 'मृच्छकटिका'तला. शेजारच्या मुलाची सोन्याची गाडी पाहून रोहसेन आपल्या मातीच्या गाडीवर रुसतो आणि वसंतसेना आपले अलंकार त्या गाडीत घालून, याची सोन्याची गाडी करून घे, असे सांगते. प्रेक्षकाचे डोळे येथे पाणावतात. पण वकिलाला त्याच्या पुढचे दृश्य विसरता येत नाही. तेच अलंकार न्यायालयात विदूषकाच्या काखेतून खाली पडतात आणि निरपराध चारुदत्ताविरुद्ध पुरावा ठरतात. शूद्रकाने नाटकाला नाव दिले ते मातीच्या गाडीचे, सोन्याच्या नव्हे. प्रेमाने चढविलेला अलंकारही आपल्या जागी नसला की घात करतो, असा त्याचा अर्थ मी घेतो.

या मासिकाच्या वाचकांना हा विषय परका वाटू नये. आपल्या कुलदेवतांच्या देवळांचे जीर्णोद्धार आपण पाहतो, त्यांना वर्गणीही देतो. चिऱ्याची भिंत, मंगलोरी कौले, हाताने कोरलेला लाकडी खांब यांच्या जागी पाहता पाहता गुळगुळीत फरशा आणि काँक्रीटचा स्लॅब येतो. करणाऱ्यांची भक्ती खरी असते. वसंतसेनेचे प्रेमही खरे होते. पण खांब उतरविण्याआधी 'हा येथे का होता?' हे कोणी विचारतो काय? उडविलेल्या खिळ्याचे डोके जसे परत येत नाही, तसा उतरवून विकलेला खांबही परत येत नाही.

हा प्रश्न माझ्याच दारी येईल असे मात्र वाटले नव्हते. माझ्या लहानपणी भारतात 'लिओ मॅटेल' या नावाने हॉट व्हील्सच्या गाड्या निघत. त्यांतली एक माझ्या कपाटात आहे. कडांवरचा रंग उडालेला, एक चाक किंचित तिरपे. मित्राची दृष्टी तिच्यावर गेली. "काका, ही मला द्याल का? हिचे सोने करीन," तो म्हणाला. त्याच्या हातांवर माझा विश्वास आहे. शेव्हरोले पाहिल्यानंतर तर निश्चितच. तरी मी दोन दिवस मागून घेतले.

शेवटी मी नाही म्हटले. कारण सांगितले ते असे: जे विपुल आहे त्याचे रूपांतर करावे, जे थोडे उरले आहे त्याचे जतन करावे. त्या गाडीवरचे ओरखडे माझ्या धाकट्या भावाने आणि मी ओट्यावर पाडलेले आहेत. कारखान्याच्या रंगाहून ते मला मोलाचे वाटतात, आणि कोणताही ब्लोअर त्यांची भरपाई करणार नाही. त्याच संध्याकाळी मी त्याला बाजारातून एक नवी, साधी, हजारोंनी मिळणारी गाडी आणून दिली. पुढे इंजिन असलेली. त्याने ती उलटी करून खिळे पाहिले, मग माझ्याकडे पाहिले आणि म्हणाला, "या वेळी मागचे आसन आधी काढतो."

टीकेचे चीज होते म्हणतात, ते याहून वेगळे नसावे.